ऑस्कर वाइल्डचं नाटक, पण संवाद गायब: मूकपट नाटकाचं नेमकं काय करतो?

१९२५ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांवरचा कॉपीराइट १ जानेवारी २०२१ रोजी संपला. त्या काळातल्या कलाकृतींसाठी तिथे ९५ वर्षांची मुदत आहे, त्यामुळे दर नववर्षाच्या पहिल्या दिवशी आणखी एका वर्षाचा साठा सगळ्यांसाठी खुला होतो. शंभर वर्षांपूर्वीचे मूकपट यूट्यूबवर ढिगाने दिसू लागलेत ते यामुळेच. त्यातला एक पाहताना भले भले प्रेक्षक चक्रावतात. तो म्हणजे दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचने वॉर्नर ब्रदर्ससाठी केलेला 'लेडी विंडरमिअर्स फॅन'.

मूळ नाटक ऑस्कर वाइल्डचं. वाइल्डची ओळखच मुळी चटपटीत, उलट्या तर्काच्या संवादांमुळे. आणि हा चित्रपट मूक आहे. बरं, पडद्यावर मजकूर दाखवायची सोय होती, तर तिथे तरी वाइल्डची वाक्यं असावीत! तीही नाहीत. लुबिचने नाटकातलं एकही सुभाषित घेतलेलं नाही. तरीही २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या सरकारी यादीत, त्याची निवड झाली. हे कसं जमलं, हे कळलं की मूकपटाकडे पाहायची नजरच बदलते.

आधी नाटकात काय घडतं ते

नाटक २० फेब्रुवारी १८९२ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं. चार अंक आणि जेमतेम एका दिवसाची कथा. लेडी विंडरमिअरचा वाढदिवस आहे आणि नवऱ्याने तिला एक पंखा भेट दिलाय. नवरा मिसेस अर्लिन नावाच्या एका बदनाम बाईला गुपचूप पैसे देतोय, असं तिला कळतं. संशयाने पेटून ती लॉर्ड डार्लिंग्टन या चाहत्याच्या घरी निघून जाते. मिसेस अर्लिन तिच्या मागे धावते आणि तिला परत जायला तयार करते. तेवढ्यात पुरुषमंडळी येऊन टपकतात. लेडी विंडरमिअर पडद्याआड लपते, पण तिचा पंखा बाहेरच राहतो आणि सापडतो. तेव्हा मिसेस अर्लिन पुढे येते, पंखा आपणच चुकून आणला असं सांगते आणि स्वतःची उरलीसुरली अब्रूही घालवून घेते.

का? कारण ती लेडी विंडरमिअरची आई आहे. वीस वर्षांपूर्वी तान्ह्या मुलीला टाकून ती निघून गेली होती. आई वारली, असंच मुलीला सांगण्यात आलं होतं.

सगळे संवाद पडद्यावर का लिहीत नसत?

मूकपटात दृश्यांच्या मध्ये जो मजकूर येतो त्याला इंटरटायटल म्हणतात. इथून पुढे आपण त्याला नुसतं 'पाटी' म्हणू. पाट्या दोन प्रकारच्या. एकीवर पात्राचं बोलणं असतं, दुसरीवर 'दुसऱ्या दिवशी सकाळी' असं निवेदन.

आता हिशेब करून पाहा. दोन तासांच्या नाटकात पंधरा हजार शब्द सहज असतात. थिएटरमध्ये सगळ्यांना झेपेल अशा सावकाश गतीने, सेकंदाला दोन शब्द वाचायचे म्हटले तर पंधरा हजार शब्दांना ७,५०० सेकंद लागतील. म्हणजे दोन तास पाच मिनिटं. एवढा वेळ पडद्यावर नुसता मजकूर आणि एकाही नटाचा चेहरा नाही!

याहून मोठी अडचण विनोदाची. रंगमंचावर नट वाक्य म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा, थांबण्याची जागा आणि समोरच्याची प्रतिक्रिया हे सगळं एका क्षणात पोचतं. मूकपटात आधी ओठ हलताना दिसतात, मग पाटी येते, मग पुन्हा चेहरा. तिघांची फाटाफूट होते. शिवाय पाटी वाचणारा प्रेक्षक वाक्याचा शेवट आधीच पाहून घेतो. शेवटच्या शब्दावर कलाटणी घेणारं वाइल्डचं वाक्य तिथे मरतं.

शब्द काढले तर ते 'तेच नाटक' राहतं का?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय, तोही १९११ सालीच. कॅलेम कंपनीने १९०७ मध्ये 'बेन-हर' या कादंबरीवरून परवानगी न घेता एक छोटा मूकपट केला होता. हार्पर ब्रदर्स या प्रकाशकांनी दावा लावला. कॅलेमचं म्हणणं साधारण असं होतं की आम्ही पुस्तकातले शब्द घेतलेच नाहीत, फक्त हलती चित्रं दाखवली. न्यायमूर्ती होम्स यांनी ते फेटाळलं. शब्दाचा आधार न घेता नुसत्या कृतीतूनही गोष्ट सांगता येते आणि माणसामाणसांतली नाती, भावना दाखवता येतात, म्हणून हेही नाट्यरूपांतरच ठरतं, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

यानंतर रूपांतराचे हक्क विकत घेणं भागच झालं, आणि गाजलेल्या नाटकांचे भाव चढले. माझ्या मते हा निकाल कायद्याइतकाच कलेबद्दलही अचूक होता. नाटकात संवादांच्या खाली आणखी एक गोष्ट वाहत असते: कोणाला काय माहीत आहे, कोणापासून काय लपलंय, कोण कोणाकडे पाहतंय. हे सगळं आवाजाशिवाय दाखवता येतं.

मग कॅमेरा प्रेक्षागृहात ठेवून नाटकच का चित्रित करू नये?

तेही करून झालं होतं. अॅडॉल्फ झुकर यांनी १९१२ मध्ये 'फेमस प्लेअर्स' कंपनी काढली ती गाजलेले नट आणि गाजलेली नाटकं पडद्यावर आणण्यासाठीच. जेम्स ओनील या नटाने 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'ची भूमिका रंगमंचावर हजारो वेळा केली होती (नाटककार यूजीन ओनील यांचे हे वडील). तीच त्यांनी कॅमेऱ्यासमोरही केली.

पण अशा चित्रपटांत कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि एका जागी असे. नट डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, हात हलवतात, ओठ हलवतात आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. रंगमंचावर दूर बसलेल्या प्रेक्षकाला आवाजाचा आधार असतो. तो काढून घेतल्यावर अंतर मात्र तेवढंच ठेवलं, तर हाती काय उरणार? आवाजाच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत क्लोजअप आणि एका चित्रावरून दुसऱ्यावर जाणारं संकलन यांनी ती जागा घेतली. संकलन म्हणजे पात्राचा चेहरा आणि ते पात्र काय पाहतंय, हे एकामागोमाग जोडणं.

लुबिचची पहिली चाल: गुपित सुरुवातीलाच फोडलं

वाइल्डला आईचं गुपित अगदी शेवटच्या अंकापर्यंत राखायचं होतं. सेंट जेम्स थिएटरचे नट-व्यवस्थापक जॉर्ज अलेक्झांडर यांचा आग्रह होता की ते आधीच उघड व्हावं. पहिल्या प्रयोगानंतर वाइल्डने बदल केला आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी प्रेक्षकाला सुगावा लागेल अशी व्यवस्था केली.

लुबिचने तर अर्धा चित्रपटही थांबायचं नाकारलं. मिसेस अर्लिन लेडी विंडरमिअरची आई आहे हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. यात गोष्टीचं नुकसान नाही का? मूकपटात उलट फायदा आहे. लग्नघरात एखादी गोष्ट सगळ्या मोठ्यांना माहीत असते, फक्त नवरीला नसते. मग कोणी साधं 'पाणी आण' म्हटलं तरी आपण तिच्या चेहऱ्याकडे पाहतो. इथेही तसंच होतं. गुपित माहीत असल्यामुळे प्रत्येक नजर, प्रत्येक बंद दार आपण आपोआप वाचू लागतो आणि पाटीची गरज कमी होते.

सुरुवातीचंच दृश्य घ्या. मिसेस अर्लिनचं पत्र नवऱ्याच्या, लॉर्ड विंडरमिअरच्या टेबलावर पडलंय, बायको आणि डार्लिंग्टन खोलीत आहेत. बायकोच्या नजरेस पडू नये म्हणून विंडरमिअर हळूच ते पत्र सरकवायला बघतो, आणि ते डार्लिंग्टनच्या लक्षात येतं. एवढ्यात तीन गोष्टी कळल्या: नवरा काहीतरी लपवतोय, बायकोला ठाऊक नाही, आणि तिच्या चाहत्याच्या हातात आता एक शस्त्र आलंय. हेच बोलून दाखवायला रंगमंचावर दोन पानं लागली असती.

दुसरी चाल: बोलण्याच्या जागी पाहणं

चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य नाटकात नाहीच. नाटकाचे चारही अंक घरात घडतात. लुबिच सगळ्यांना घोड्यांच्या शर्यतीला नेतो. मिसेस अर्लिन येऊन बसते आणि प्रेक्षकांतल्या दुर्बिणी घोडे सोडून तिच्याकडे वळतात. ती आपल्याला एकदा या दुर्बिणीच्या गोलातून दिसते, एकदा त्या. कोणी कौतुकाने पाहतंय, कोणी नाकं मुरडतंय. लंडनचा उच्चभ्रू समाज या बाईबद्दल काय बोलतो, हे सांगायला वाइल्डकडे सरदारणींचे टोमणे होते. लुबिचकडे दुर्बिणी आहेत.

त्याच दृश्याचा शेवट नीट पाहा. मिसेस अर्लिन मैदानातून चालत निघते, मागून तिचा चाहता लॉर्ड ऑगस्टस तिला गाठायला येतो, कॅमेरा दोघांबरोबर सरकतो. तो जसजसा जवळ येतो तसतशी एका बाजूने काळी पट्टी चित्रात शिरते आणि चौकट अरुंद होत जाते. दोघांतलं अंतर संपत आलं, ही गोष्ट पडद्याची चौकटच सांगते. हे लेन्ससमोर आच्छादन सरकवून करत.

पुढे ऑगस्टस तिच्या दारावरची घंटा वाजवतो. स्त्री-पुरुषांमधलं नातं किती पुढे गेलंय ते तो घंटा कशी वाजवतो यावरून कळतं, अशा अर्थाची पाटी येते. पहिल्यांदा तो अवघडून, कपडे सावरत घंटा दाबतो. नंतरच्या भेटीत घरच्या माणसासारखा. मधला सगळा काळ आपण मनातच भरून काढतो.

मेजवानीच्या रात्री बागेत लेडी विंडरमिअरला कुंपणाच्या झाडीपलीकडे मिसेस अर्लिन दिसते. एक पुरुष तिच्या हाताचं चुंबन घेतोय, पण त्याचा चेहरा झाडीमागे आहे. तो आपलाच नवरा, असं ती धरून चालते. तो असतो ऑगस्टस. अख्ख्या नाटकातला गैरसमज एका झाडीच्या उंचीवर उभा केलाय. झाडी वीतभर बुटकी असती तर ती डार्लिंग्टनकडे गेलीच नसती.

लुबिच स्वतः बर्लिनचा, जन्म जानेवारी १८९२ चा, म्हणजे या नाटकापेक्षा जेमतेम महिनाभराने मोठा. १९२२ मध्ये तो अमेरिकेत आला. घंटा, पत्र, पंखा अशा वस्तूंकडून गोष्ट वदवून घेण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे होते.

"पण मग वाइल्ड उरला कुठे?"

आक्षेप रास्त आहे. आपण सगळेच गटारात आहोत, पण आपल्यातले काहीजण ताऱ्यांकडे पाहतात, हे जगभर उद्धृत होणारं वाक्य याच नाटकातलं, तिसऱ्या अंकात डार्लिंग्टनच्या तोंडचं. चित्रपटात ते नाही. त्या अंकातल्या पुरुषांच्या गप्पा म्हणजे वाइल्डची मैफल, तीही गेली. शब्द गेल्यावर डार्लिंग्टन बराचसा साधा, देखणा चाहता उरतो. रोनाल्ड कोलमनच्या चेहऱ्यामुळे ते खपतं, इतकंच. लॉर्ड विंडरमिअर तर नाटकात होता त्याहून ताठर झालाय.

उरली ती मिसेस अर्लिन, आणि ती नाटकापेक्षा मोठी झाली. आयरीन रिचने केलेली ही भूमिका चित्रपटाचा कणा आहे. नाटकात ती दुसऱ्या अंकात प्रवेश करते. चित्रपटात आपण पहिल्यापासून तिच्या बाजूला आहोत. तिच्याकडे रोखलेल्या दुर्बिणी आपण पाहतो आणि तिला काय वाटत असेल तेही ओळखतो. चांगली बाई आणि वाईट बाई अशी वाटणी करणाऱ्या समाजाला वाइल्डने वाक्यांनी टोचलं, लुबिचने नजरांनी. ज्याला वाइल्डची भाषा हवी त्याने नाटक वाचावं. चित्रपट त्याची जागा घेत नाही.

हे फक्त दिवाणखान्यातल्या नाटकांपुरतं आहे का?

नाही. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९२० चा 'वे डाउन ईस्ट' अगदी दुसऱ्या टोकाचा. मूळ नाटक लॉटी ब्लेअर पार्करचं, रडवणारं, खेड्यातलं. हक्कांसाठी ग्रिफिथने १,७५,००० डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं, त्या काळी डोळे फिरवणारी रक्कम. फसवल्या गेलेल्या नायिकेला हिमवादळात घराबाहेर काढतात, इथवर रंगमंचही यंत्रांनी बर्फ उडवून जायचा. ग्रिफिथने तिला खऱ्या गोठलेल्या नदीवर नेलं. व्हरमाँटमध्ये व्हाइट रिव्हर जंक्शनजवळ नायिका झालेली लिलियन गिश वाहत्या हिमखंडावर आडवी झाली, केस आणि एक हात बर्फाळ पाण्यात सोडून. ही कल्पना तिचीच. त्या हाताची तक्रार तिला पुढे आयुष्यभर पुरली. धबधबा मात्र नायगाराचा, संकलनाने जोडलेला.

"सगळे एवढे हातवारे का करतात? आणि पळत का असतात?"

हातवाऱ्यांची तक्रार १९१० च्या आसपासच्या चित्रपटांना लागू पडते. कॅमेरा जवळ आल्यावर अभिनय लहान झाला. 'लेडी विंडरमिअर्स फॅन'मध्ये भुवई उचलण्यावर दृश्यं चालतात.

पळापळ मात्र बहुतेकदा नटांची चूक नसते. कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत. एका फेऱ्यात ८ फ्रेम (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं) आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम, हे सुरुवातीचं प्रमाण. १९२० च्या दशकात वेग वाढत वाढत वीस आणि त्यापुढे गेला. बोलपट आल्यावर तो सेकंदाला २४ फ्रेमवर पक्का झाला, कारण वेग हलला की आवाजाची पट्टीही हलते. आता २० ने चित्रित केलेली फिल्म २४ ने चालवली तर माणसं पळणारच. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. ८,००० फुटांचा चित्रपट २० च्या वेगाने सुमारे १०७ मिनिटं चालेल, २४ ने ८९ मिनिटं. पाहताना चालणं-फिरणं खटकलं तर यूट्यूबवर वेग ०.८५ करा, २४ चे साधारण २० होतात. संगीतही संथ होईल, ते बंद करा.

एकाच चित्रपटाच्या प्रती वेगवेगळ्या का?

मूकपट परदेशी पाठवायला फक्त पाट्या बदलल्या की झालं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनाही पाट्या एकाहून अधिक भाषांत द्याव्या लागत. अमेरिकेत मात्र निर्यातीसाठी बरेचदा दुसरी निगेटिव्हच, म्हणजे प्रती काढायची मूळ फिल्मच, बनवत. शेजारी दुसरा कॅमेरा लावून किंवा वेगळा टेक वापरून. म्हणून एका प्रतीत नट किंचित वेगळ्या कोनातून दिसतो, दुसरीत एखादं दृश्य लांबतं.

त्यात फिल्मचा कच्चा माल नायट्रेटचा, पटकन पेट घेणारा आणि कुजणारा. बोलपट आल्यावर जुन्या प्रती सांभाळण्यात कंपन्यांना रस उरला नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार, अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ ३५ मिलिमीटर रूपात शिल्लक आहेत. आणखी काही फक्त परदेशी प्रतींत किंवा कमी दर्जाच्या रूपात वाचलेत.

कोणती प्रत निवडायची

लांबी पाहा. एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींत पंधरा-वीस मिनिटांचा फरक असेल तर वेगाचा किंवा कापाकापीचा प्रश्न आहे. चित्राचा आकार पाहा. मूकपटाची चौकट चाराला तीन अशी असते. टीव्हीच्या सोळाला नऊ आकारात ठोकून बसवली असेल तर उंचीचा पाव भाग कापला गेलाय आणि डोकी उडालीत. लुबिचच्या चित्रपटात कडेला काय दिसतं यावर अर्थ ठरतो, तेव्हा अशी प्रत सोडूनच द्या. निळा, पिवळा रंग दिसला तर बिघाड समजू नका. रात्रीसाठी निळा, दिव्याच्या उजेडासाठी पिवळसर असं फिल्म रंगवणं तेव्हा सर्रास चाले.

संगीत निवडून घ्या. हे चित्रपट सहसा शांततेत पाहिले जात नसत. थिएटरच्या ऐपतीप्रमाणे पियानो, ऑर्गन किंवा अख्खा वाद्यवृंद असे. यूट्यूबवरच्या कित्येक प्रतींना मात्र कुठलीही तबकडी चिकटवलेली असते. प्रसंगाशी मेळ नसेल तर आवाज बंद करून पाहिलेलं बरं.

आणि तुकडे स्वतःच्या व्हिडिओत वापरायचे असतील तर एक पथ्य पाळा. मूळ चित्र मुक्त झालंय. भारतात तर चित्रपटासाठी मुदत ६० वर्षांचीच आहे. पण त्यावर अलीकडे रचलेलं आणि ध्वनिमुद्रित केलेलं संगीत मुक्त झालेलं नाही, त्याचे हक्क वेगळे असतात. चित्र घ्या, ध्वनी काढून टाका.